मोटरहोमची डिझेल यंत्रणा: देखभाल कशी करायची, सुधारणा कोणत्या क्रमाने करायच्या

ऑक्टोबरातली सकाळ होती. साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागलो आणि थोड्या वळणांतच गाडीचं पिकअप गेलं. पाय पूर्ण दाबला तरी इंजिन ओढेना. दोन हिसके बसले आणि गाडी बंद. साखरप्याहून आलेल्या फिटरने पानासुद्धा काढला नाही. डिझेल फिल्टरच्या बुडाची प्लास्टिकची चावी त्याने हातानेच सैल केली, पाण्याची रिकामी बाटली कापून खाली धरली आणि वरचा हातपंप मारला. बाटली उन्हात धरली तर तळाशी दोन बोटं पाणी, वर पिवळसर डिझेल आणि दोघांच्या मधोमध दुधावरच्या सायीसारखा काळा थर. “काका, गाडी पावसाळाभर उभी होती काय?” होती. जूनपासून अंगणात, पाव टाकी डिझेलवर.

त्या एका प्रश्नात सगळं निदान आलं. ट्रक रोज धावतो, त्याच्या टाकीतलं डिझेल दोन-तीन दिवसांत बदलतं. ट्रॅव्हलर, विंगर किंवा पिकअपवर बांधलेलं आपलं घर मात्र वर्षातले बरेच महिने उभं असतं. मॅन्युअलमधला किलोमीटरचा हिशोब धावणाऱ्या गाडीसाठी असतो. आपल्या गाडीला आजार होतो तो उभं राहण्याचा. म्हणून फिल्टर बदलणं, पाणी काढणं, टाकी तपासणं ही सगळी कामं मी आता किलोमीटरवर न ठेवता कॅलेंडरवर ठेवतो. खाली जे लिहिलंय ते याच हिशोबाने.

डिझेलची वाट

काम सुरू करण्याआधी गाडीखाली आडवं होऊन डिझेल कुठून कुठे जातं ते एकदा स्वतः बघा. टाकीतली जाळी, तिथून निघणारी सक्शन लाइन, पाणी वेगळं करणारा फिल्टर, टाकीतून डिझेल पुढे आणणारा फीड पंप, मुख्य फिल्टर, हाय प्रेशर पंप, रेल (सगळ्या इंजेक्टरना डिझेल वाटणारी जाड नळी) आणि शेवटी इंजेक्टर, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला नोझल म्हणतात ते. न जळलेलं डिझेल गरम होऊन रिटर्न लाइनने परत टाकीत येतं. काही गाड्यांत फीड पंप टाकीच्या आतच असतो. तसं असेल तर टाकीपासून पुढची सगळी लाइन दाबाखाली असते. हा फरक पुढे हीटर जोडताना फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून आत्ताच बघून ठेवा.

पंप पुढे, इंजिनाजवळ असेल तर टाकी ते पंप हा भाग डिझेल ओढणारा असतो. तिथे क्लॅम्प ढिला असला तरी डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. खाली एकही थेंब नाही म्हणून पाइप चांगला, असं समजून लोक दिवसचे दिवस नोझल आणि पंपाच्या मागे लागतात.

सीआरडीआय म्हणजे कॉमन रेलच्या नव्या डिझेल इंजिनात रेलमधला दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो. कारच्या टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. एवढ्या दाबाला टिकायचं तर इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. तिथे पाणी पोचलं की वंगण तुटतं आणि गंज धरतो. जुनं मेकॅनिकल पंपाचं इंजिन थोडंफार पाणी सोसतं, सीआरडीआय सोसत नाही.

आधी बाटली, मग बाजार

कोणतंही ऍडिटिव्ह (डिझेलमध्ये मिसळायचं औषध) किंवा नवा फिल्टर विकत घेण्याआधी नमुना काढा. काचेची स्वच्छ, पूर्ण कोरडी बरणी घ्या. गाडी रात्रभर उभी राहू द्या, म्हणजे पाणी तळाशी बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता फिल्टरच्या ड्रेनमधून, म्हणजे बुडाच्या त्या चावीतून, पाव लिटर डिझेल बरणीत घ्या. हातपंप असेल तर तो मारावा लागेल.

बरणी उजेडासमोर धरून सावकाश फिरवा. चांगलं डिझेल झळझळीत दिसतं, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. गढूळ, धुरकट दिसलं तर त्यात पाणी मिसळलेलं आहे. तळाशी पाऱ्यासारखा गोळा हलताना दिसला तर ते सुटं पाणी. शंका असेल तर खाण्याचा पाण्यात विरघळणारा रंग चिमूटभर टाका. डिझेलला तो रंग चढत नाही, पाण्याला लगेच चढतो. तांबूस रेती खाली बसली तर लोखंडी टाकीचा किंवा पाइपचा गंज. काळे, बुळबुळीत तुकडे दिसले तर ती बुरशी आणि जिवाणूंची वाढ. हे जीव पाण्यात राहतात आणि डिझेल खातात, म्हणून नेमके दोघांच्या सीमेवर थर धरतात. पाणीच नसेल तर त्यांना जगता येत नाही.

बरणीत जे दिसेल त्यावर पुढचं काम ठरतं. नुसतं चमचाभर पाणी असेल तर ड्रेन करून फिल्टर बदलला की झालं. काळा थर असेल तर टाकी उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

पाणी काढणं आणि फिल्टर बदलणं

पाणी काढायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद आणि गार, खाली भांडं. चावी दोन-तीन आटे सैल करा, स्वच्छ डिझेल यायला लागेपर्यंत सोडा, मग बंद करा. घट्ट करायला फक्त बोटं वापरा. पक्कड लावली की ती प्लास्टिकची चावी हमखास तुटते. खाली पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची वायर असेल तर ती ओढली जाणार नाही हे बघा. डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका, सुरक्षित जागी थांबून तिथेच काढा. मी प्रवासात आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दर टाकीला पाणी काढतो.

फिल्टर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, गाडी कितीही कमी चालली असली तरी बदलायचा. मॅन्युअलमधलं अंतर त्याआधी पूर्ण झालं तर तेव्हा. क्रम असा:

१. फिल्टरच्या आजूबाजूची धूळ आधी ब्रशने आणि कापडाने पुसा. बाहेरची माती आत पडू देऊ नका, अर्धं काम इथेच होतं. सूत सुटणारं कापड टाळा.

२. पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. इन आणि आउट उलटे लागले तर फिल्टर काम करत नाही.

३. जुना फिल्टर काढा. जुनी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, फिल्टर जिथे बसतो त्या हेडला चिकटून राहिलेली नाही ना, ते बोट फिरवून बघा. तिच्यावर दुसरी बसली तर फिल्टर हवा घेणारच.

४. नव्या ओ-रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि फिल्टरवर लिहिलं असेल तेवढंच पुढे, साधारण पाऊण फेरा.

५. सीआरडीआय गाडीत नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून लावू नका. ते न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला जाऊन इंजेक्टरपर्यंत पोचतं. फिल्टर कोरडाच लावा आणि हातपंपाने भरा.

६. जुना फिल्टर टाकून देण्याआधी त्याचा कागद कापून उघडून बघा. काळा चिकट लेप असेल तर गोष्ट फिल्टरवर संपलेली नाही.

हवा धरली तर

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाइनमध्ये हवा अडकते. हातपंप कडक होईपर्यंत मारा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून अर्धा मिनिट थांबा, ऑफ करा, असं तीन-चार वेळा. मग सेल्फ मारा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. नाहीतर स्टार्टर तापतो आणि डिझेलच्या कामात बॅटरीचं काम वाढतं.

जुन्या इंजिनांवर नोझलच्या पाइपचं नट सैल करून, सेल्फ मारून हवा काढायची पद्धत आहे. हात बसलेले मिस्त्री सवयीने तेच सीआरडीआयवर करायला जातात. त्यांना थांबवा. चालू सीआरडीआय इंजिनाचा हाय प्रेशर पाइप सैल केला तर सुटणारी बारीक धार हातमोज्यातून आणि कातडीतून आत शिरते. बाहेर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतंही थोडंच, पण आत डिझेल पसरून मांस सडायला लागतं. असं झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डिझेल कातडीखाली गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची असेल तर पुठ्ठा फिरवा, हात नाही.

हवा पुन्हा पुन्हा धरत असेल तर फिल्टरच्या आधीच्या सक्शन लाइनमध्ये डिझेलचा पारदर्शक पाइप तात्पुरता जोडून इंजिन चालू ठेवा. बुडबुडे दिसले तर गळती त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. टाकीकडे सरकत एकेक जोड बदलत गेलं की दोषी क्लॅम्प सापडतोच.

टाकी

बरणीत काळा थर निघाला तर आधी डिझेलसाठीचं जंतुनाशक, बाटलीवरच्या प्रमाणात, टाकीत घाला आणि एक-दोन दिवस मुरू द्या. जीव मरतात, पण त्यांचा गाळ तिथेच राहतो आणि फिल्टर तुंबवतो. म्हणून नुसतं औषध घालून लांबच्या प्रवासाला निघणं धोक्याचं. माझ्या गाडीत त्यानंतर लागोपाठ तीन फिल्टर गेले, तेव्हा कुठे टाकी उतरवली. ती आधीच उतरवायला हवी होती.

बॅटरीची जोडणी काढा. टाकी ड्रेनमधून किंवा हातपंपाने रिकामी करा. लिटरला साधारण ८३० ग्रॅम धरले तर सत्तर लिटरची अर्धी टाकीसुद्धा तीस किलोच्या आसपास भरते आणि पट्टे सोडल्यावर ती एका बाजूला झुकते, म्हणून खाली जॅक आणि लाकडी फळी हवी. फ्लोटचं (डिझेलची पातळी दाखवणारं) युनिट काढून आत टॉर्चने बघा. पाण्याने धुऊ नका. चार-पाच लिटर स्वच्छ डिझेल घालून टाकी हलवा, ओता, पुन्हा घाला, स्वच्छ येईपर्यंत. जाळी वेगळी काढून ब्रशने धुवा. लोखंडी टाकीला भोक पडलं असेल तर रिकामी दिसते म्हणून वेल्डिंग करू देऊ नका. आत राहिलेली वाफ पेटते. ती टाकी बदला. फ्लोटचं गॅस्केट नवंच घाला, आणि टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीत मातीचं घर झालेलं नाही ना ते बघा. कुंभारीण माशीला अशी नळी फार आवडते. नळी बंद झाली की टाकीत निर्वात होतो आणि गाडी तासाभराने ओढेनाशी होते. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला तर कारण हेच.

पाइपांबद्दल थोडक्यात. ‘डिझेलसाठी’ असं छापलेलाच होज घ्या. कूलंटचा रबरी पाइप डिझेलने फुगतो. वाकवल्यावर भेगा दिसल्या की पाइप बदला. तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली नळी लांबच्या लाइनला वापरू नका, हे धातू साठलेलं डिझेल लवकर खराब करतात. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे.

सुधारणा: आधी काय, नंतर काय

टाकी आणि पाइप स्वच्छ झाल्याशिवाय सुधारणेवर एक रुपयाही घालू नका. माझ्या मते सगळ्यात मोलाची सुधारणा म्हणजे पारदर्शक वाटीचा जादा वॉटर सेपरेटर. मात्र ती जुन्या, साध्या इंजिनाच्या गाडीसाठी. बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाडीत मूळ फिल्टरलाच सेन्सर असतो आणि लाइन तोडली की वॉरंटीचा प्रश्न येतो. तिथे कंपनीचा फिल्टर वेळेवर बदलणं पुरेसं.

सेपरेटर टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये बसतो. तीस मायक्रॉनचा घ्या. दोन मायक्रॉनचा घेतला तर जास्त चांगलं गाळेल असं वाटतं, पण ओढणाऱ्या बाजूला इतकी बारीक जाळी लावली की पंपाला ओढ बसते आणि चढावर डिझेल कमी पडतं. बारीक गाळणं हे पंपानंतरच्या फिल्टरचं काम. क्षमता निवडताना इंजिन किती जाळतं एवढंच न बघता रिटर्नने परत जाणारं डिझेलही धरा, कारण तेही यातूनच जातं. चासीच्या आतल्या बाजूला, चाकाने उडणाऱ्या दगडांपासून आणि सायलेन्सरपासून लांब, पण गुडघ्यावर बसून वाटी दिसेल अशा जागी लावा. वाटी दिसत नसेल तर ती बघितली जात नाही.

जादा डिझेल टाकीचा मोह सगळ्यांना होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मंजुरीशिवाय बदल करता येत नाही. तेव्हा आधी आरटीओत विचारा, मग फॅब्रिकेटरकडे जा. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. एवढ्यासाठी वीस लिटरचे दोन लोखंडी कॅन पुरतात, बाहेरच्या कप्प्यात, बांधून. झोपायच्या जागेत नाही आणि छतावरही नाही. इंजिन ट्यूनिंगवर मी पैसे घालणार नाही. घराचं वजन घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला जादा ताकदीपेक्षा स्वच्छ डिझेलची गरज असते.

हीटर जोडताना

डिझेल हीटर ही थंड मुलखात खरी चैन आहे. दोन किलोवॅटचा हीटर ताशी साधारण ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल घेतो, म्हणजे रात्रीला लिटर-दोन लिटर. त्याला डिझेल कुठून द्यायचं हाच प्रश्न. इंजिनाच्या लाइनला टी मारणं, म्हणजे मधूनच फाटा काढणं, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. पंप पुढे असेल तर हीटर इंजिनाच्या लाइनमध्ये हवा ओढतो. पंप टाकीत असेल तर दाबाखालचं डिझेल हीटरच्या छोट्या मीटरिंग पंपात (मोजून डिझेल देणाऱ्या पंपात) घुसतं. टाकीच्या वरून स्वतंत्र नळी सोडा. तिचं टोक तिरपं कापलेलं आणि तळापासून इतकं वर असावं की पाव टाकीला हीटर आपोआप उपाशी राहील. म्हणजे रात्री ऊब संपली तरी सकाळी गाडी निघते. टाकीला छिद्र पाडायचं ते टाकी उतरवून, स्वच्छ करून, आणि आतला कीस काढूनच. मीटरिंग पंप आडवा न लावता बाहेर जाणारं तोंड वर येईल असा तिरपा लावा, म्हणजे बुडबुडा अडकत नाही.

जळण्यासाठीची हवा बाहेरून घ्यायची, धूर बाहेर सोडायचा, खिडकी आणि दारापासून लांब. आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. तो नसेल तर हीटर लावू नका, हे मी कळकळीने सांगतोय. या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. लेहच्या उंचीवर, ३,५०० मीटरला, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. डिझेल तेवढंच आणि हवा विरळ, म्हणून हीटर काजळी धरतो. उंचीनुसार डिझेल कमी करण्याची सोय असलेलं मॉडेल घ्या, आणि बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवा.

थंडीत गोठणारं डिझेल

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे स्फटिक होऊन फिल्टर तुंबतो. आपल्याकडच्या आयएस १४६० या मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश सेल्सिअस आहे. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल याहून बरं असू शकतं, पण कोकणात भरलेल्या टाकीने स्पितीत रात्र काढायचा भरवसा धरता येत नाही. म्हणून थंड भागात टाकी शक्य तेवढी रिकामी करून पोचा आणि तिथल्याच पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं विंटर डिझेल आणलं आहे. भरल्यावर पाच-दहा किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे नवं डिझेल फिल्टर आणि लाइनमध्ये पोचतं. पंपावरून थेट मुक्कामाला जाऊन गाडी बंद केली तर फिल्टरमध्ये रात्रभर जुनंच राहतं.

अँटी-जेल ऍडिटिव्ह मेण धरण्याआधीच घालायचं असतं, गोठल्यावर ते मेण विरघळवत नाही. गोठलंच तर फिल्टरला गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळा, ऊन येईपर्यंत थांबा. टाकीखाली जाळ करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. आपल्या गाडीत गॅसचा सिलिंडरही असतो, हे विसरू नका. रॉकेल मिसळायचा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला. त्याने वंगण कमी होऊन हाय प्रेशर पंप झिजतो.

बीएस-६ गाडीत युरियाची म्हणजे डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी असेल तर तो उणे ११ अंशांना गोठतो, पण ती टाकी हे गोठणं सोसायलाच बनवलेली असते. खरी भीती तो चुकून डिझेलच्या टाकीत पडण्याची. पडलाच तर चावी ऑनसुद्धा करू नका. पंप सुरू झाला की तो सगळ्या लाइनभर पसरतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

पावसाळ्यात उभी करताना

मे संपता संपता ताजं डिझेल भरा, टाकी जवळजवळ पूर्ण. सत्तर लिटरच्या टाकीत दहा लिटरच असेल तर वरची साठ लिटर दमट हवा रोज आत-बाहेर करते आणि रात्री थेंब धरते. गळ्यापर्यंत मात्र भरू नका. तापमान वीस अंशांनी वाढलं तर एवढं डिझेल लिटरभर फुगतं. जंतुनाशकाचा डोस भरतानाच घाला आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून ते फिल्टरपर्यंत पोचवा. झाकणाचं रबर बघा, तोंडावर पावसाची धार येत असेल तर वर पत्र्याचा छोटा पडदा लावा. हवेची नळी मात्र कधीही बंद करू नका. अधूनमधून दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्यात काही अर्थ नाही. चालवायची तर वीस-पंचवीस किलोमीटर, नाहीतर उभी राहू द्या.

ऑक्टोबरात बॅटरी जोडल्यावर मी सेल्फला हात लावण्याआधी ड्रेनखाली बरणी धरतो आणि ती पायरीवर उन्हात ठेवतो. चहा होईपर्यंत काय बसायचं ते तळाशी बसलेलं असतं. गेल्या दोन वर्षांत तिच्यात पाण्याचा थेंब निघालेला नाही. तरी नवा फिल्टर त्याच दिवशी बसतो, आणि त्याच्यावर मी मार्करने तारीख लिहितो.